‘करवियलें’ ते ‘केलेस’ : मराठी भूतकाळातील कर्ता

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पुतळ्याच्या पायथ्याशी जे दोन मराठी शिलालेख आहेत, त्यांपैकी पहिल्याचा उल्लेख मराठी भाषेच्या इतिहासात इतक्या वेळा येतो की त्याचे वाक्य म्हणून वाचन करावयाचे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हा लेख कोणत्या सालचा, तो मराठीतील आद्य लेख की १०१२ चा अक्षीचा लेख आद्य, या वादात पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु या लेखाचा व्याकरणदृष्ट्या काय अर्थ होतो? ‘चावुण्डराज’ हा करवून घेणारा. त्याला ‘एं’ हा प्रत्यय लागला आहे, म्हणजे तो तृतीयेत आहे. ‘करवियलें’ हे क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनी आहे. दुसऱ्या लेखात गंगराजाने ‘सुत्ताले’, म्हणजे सभोवारची ओवरी, करविल्याचे सांगितले आहे आणि तेथेही क्रियापद गंगराजाकडे पाठ फिरवून ‘सुत्ताले’कडे पाहते. मराठीचे म्हणून जे पहिलेवहिले वाक्य आपण अभिमानाने दाखवितो, त्यातच मराठी क्रियापदाचा सर्वांत अवघड प्रश्न कोरलेला आहे. भूतकाळात, कर्म असताना, मराठी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का जाते? आणि तसे ते जात असेल, तर ‘चावुण्डराजाने करविले’ याचा अर्थ ‘चावुण्डराजाकडून करविले गेले’ असा घ्यावयाचा काय?

या प्रश्नाला मराठी व्याकरणाने ‘कर्मणी प्रयोग’ असे उत्तर दिले, आणि शाळेत आपण सर्वांनी ते पाठ केले. हे उत्तर चुकीचे आहे असे मला म्हणावयाचे नाही. ते ज्या दोन परंपरांच्या मिश्रणातून आले, त्या मिश्रणामुळे त्याचा अर्थ बदलला आणि तो बदल आपल्या लक्षात आला नाही, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

प्रथम संस्कृताकडे जावे लागेल. पाणिनीच्या व्यवस्थेत ‘कर्ता’ हे वाक्यातील स्थानाचे नाव नाही. क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र तो कर्ता (१.४.५४). तो प्रथमेत असेल किंवा तृतीयेत असेल. त्याचे कर्तृत्व विभक्तीवर अवलंबून नाही. क्रियापदाच्या प्रत्ययानेच कर्ता सांगितला गेला असेल तर नामाला प्रथमा, सांगितला गेला नसेल तर तृतीया (२.३.१८). ‘रामः पचति’ आणि ‘रामेण पच्यते’ या दोहोंतही कर्ता रामच. बदलते ते एवढेच की, क्रियापदाचा प्रत्यय कोणाकडे बोट दाखवितो. या बोट दाखविण्याच्या तीन दिशा म्हणजे कर्तरि, कर्मणि व भावे. भूतकालवाचक ‘क्त’ प्रत्ययाची दिशा पाणिनीने सामान्यतः कर्माकडे किंवा भावाकडे ठरविली (३.४.७०). मग लगेच दोन सूत्रांनंतर त्याने अपवादही नोंदविला, की गत्यर्थक व अकर्मक धातूंना आणि आणखी काही मोजक्या धातूंना लागलेला ‘क्त’ कर्त्याकडेही बोट दाखवू शकतो (३.४.७२). ‘तेन पत्रं लिखितम्’ पण ‘स ग्रामं गतः’. आजच्या मराठीतील ‘त्याने पत्र लिहिले’ आणि ‘तो गावाला गेला’ यांमधील भेदाचे मूळ या दोन सूत्रांच्या मधल्या जागेत आहे. मराठीचा भूतकाळ समजून घेण्यासाठी ज्याला एकच गोष्ट वाचावयाची असेल, त्याने ती वाचावी.

पाणिनीच्या काळच्या भाषेत हा ‘क्त’ एकटा नव्हता. लङ्, लुङ् आणि लिट् अशी भूतकाळाची तीन तिङन्त रूपे त्याच्या शेजारी होती. ‘रामो रावणम् अहन्’ असेही म्हणता येत होते आणि ‘रामेण रावणो हतः’ असेही. वक्त्याला निवड होती, आणि निवड असल्यामुळेच दुसऱ्या रचनेला ‘कर्मणि’ हे नाव सार्थ होते. प्राकृतांच्या काळात ही तिङन्त रूपे झपाट्याने मागे पडली. पालीत लुङ् बराच टिकला, इतरत्र तो विरळ झाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या लेखाच्या आरंभी ‘इयं धंमलिपी’ देवानांप्रिय राजाने ‘लेखापिता’, असे आहे. राजा तृतीयेत, क्रियापद ‘लिपी’प्रमाणे स्त्रीलिंगी. ही रचना आणि चावुण्डराजाची रचना यांत बाराशे वर्षांहून अधिक अंतर आहे, पण सांगाडा तोच. अर्थात येथे एक सावधगिरी पाळावयास हवी. शिलालेखाला करविणाऱ्याचे नाव आणि करविलेली वस्तू या दोहोंचीच गरज असते, त्यामुळे हा लेखनप्रकारच या रचनेला अनुकूल आहे. अशोकाच्या शिपायांनी आपापसांत बोलताना किती वेळा तृतीया वापरली, हे गिरनारचा खडक सांगू शकत नाही.

परंतु पुढील इतिहास स्पष्ट आहे. तिङन्त भूतकाळ नष्ट झाल्यावर भूतकाळाची सारी जबाबदारी या कृदन्तावर पडली. मराठीने त्याला प्राकृतातील ‘इल्ल’ हा आणखी एक प्रत्यय जोडला. ‘गत’पासूनच्या ‘गय’ला तो लागून ‘गेला’ झाला. या ‘ल’च्या बाबतीत मराठी शेजारच्या हिंदी-गुजरातीपेक्षा दूरच्या बंगाली, असमिया, ओडिया, मैथिलीशी जवळीक दाखविते, याची चर्चा झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीवरील ग्रंथापासून होत आली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जेव्हा ‘रामो रावणम् अहन्’ म्हणण्याची सोय उरली नाही, तेव्हा ‘रामेण रावणो हतः’ ही रचना कशाच्या तुलनेत कर्मणि म्हणावयाची? दोन दरवाजांपैकी एक बुजला की उरलेला ‘मागला दरवाजा’ राहत नाही. तो घराचा दरवाजा होतो. ‘त्याने आंबा खाल्ला’ याऐवजी भूतकाळात ‘तो आंबा खाल्ला’ असे प्रमाण मराठीत म्हणता येत नाही. म्हणजे येथे प्रयोगाची निवड नाही. काळाने ती आधीच केलेली आहे.

उलट, खरी कर्मणी म्हणता येईल अशी रचना मराठीला नंतर वेगळी घडवावी लागली. जुन्या मराठीत ‘इजे’ प्रत्ययाची रूपे होती, ज्यांना शालेय व्याकरणात ‘पुराण कर्मणी’ म्हणतात. पुढे ‘जाणे’ या धातूचे साहाय्य घेतले गेले. ‘शिपायाने चोर पकडला’ याच्या शेजारी ‘शिपायाकडून चोर पकडला गेला’ हे वाक्य उभे राहू शकते, आणि दोहोंत अर्थाचा, निदान रोखाचा, भेद आपल्या कानाला लगेच जाणवतो. पहिले वाक्य मुळातच कर्मणी असते, तर त्याची पुन्हा कर्मणी करण्याचे प्रयोजन काय?

एकोणिसाव्या शतकात मराठी व्याकरण लिहिले जाऊ लागले, तेव्हा या भाषेकडे बघण्याचे दोन चष्मे उपलब्ध होते. एक लॅटिन परंपरेचा. याचा मराठीच्या परिसरातील इतिहास बराच मागे जातो. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स यांचे कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले आणि ते लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसविलेले आहे. याच स्टीफन्सने १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदविले होते, ही गोष्ट मला नेहमी हृद्य वाटते. विल्यम केरीचे १८०५ चे व्याकरण श्रीरामपूरहून इंग्रजीत निघाले. दुसरा चष्मा अर्थातच संस्कृत पंडितांचा. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या ग्रंथात हे दोन्ही एकत्र आले. ग्रंथाची मांडणी इंग्रजी शाळांतील व्याकरणांच्या धर्तीची, परिभाषा मात्र संस्कृताची. दादोबांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हटले गेले, पण पाणिनीशी त्यांचे साम्य सर्वांत कमी आहे ते नेमके येथे.

कारण या एकत्र येण्यात ‘कर्ता’ या शब्दाचे अर्थांतर झाले. लॅटिन परंपरेत वाक्याचे दोन भाग पाडतात : ज्याविषयी बोलावयाचे तो, आणि त्याविषयी जे बोलावयाचे ते. पहिल्या भागावर क्रियापदाचा हक्क असतो; क्रियापद त्याच्याशी जुळले पाहिजे. शाळेत या पहिल्या भागाला ‘कर्ता’ म्हणण्याची सवय पडली. पाणिनीचा स्वतंत्र कर्ता आणि लॅटिनचा क्रियापदाचा मालक, हे दोघे एकाच नावाने वावरू लागले. वर्तमानकाळात या गोंधळाचा त्रास होत नाही, कारण ‘तो आंबा खातो’ यात दोघेही एकच. भूतकाळात मात्र ते विभक्त होतात. खाणारा ‘तो’, आणि क्रियापदाचा मालक ‘आंबा’. मग मालकीच बदललेली असल्यामुळे इंग्रजी ज्याला पॅसिव्ह म्हणते तेच हे, असा निष्कर्ष सहजच निघाला. ‘कर्मणी’ या शब्दात पाणिनीच्या दृष्टीने एवढीच माहिती होती की प्रत्यय कर्माकडे बोट दाखवितो. इंग्रजीच्या पॅसिव्हमधील ‘कर्त्याचे गौणत्व’ त्या शब्दाला येथे नव्याने चिकटले.

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून दादोबांच्या व्याख्यांची जी कठोर तपासणी केली (ती त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये ग्रंथरूपाने आली), त्यापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंतचा वाद वाचताना एक गोष्ट मनात ठसते. हे सारे व्याकरणकार ‘प्रयोग’ म्हणजे काय याविषयी जे भांडले ते व्यर्थ नव्हते. त्यांचे कान शाबूत होते. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ या वाक्यापाशी त्यांना साच्यात न बसणारे काही तरी दिसले आणि त्यांनी ते दडपले नाही. ‘लिहिली’ हा भाग चिठ्ठीशी जुळतो, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी एकवचनी. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’शी जुळतो. ‘तू चिठ्ठ्या लिहिल्यास’, ‘तुम्ही चिठ्ठ्या लिहिल्यात’. एकाच क्रियापदाला दोन धनी! याला ‘कर्तृकर्मसंकर’ असे नाव मिळाले. ‘संकर’ या शब्दात थोडी नापसंती आहे खरी, पण निरीक्षण अचूक आहे. पाश्चात्त्य भाषाविज्ञानाने ज्या रचनांसाठी पुढे शेकडो पाने खर्च केली, त्यांतील एका मुख्य लक्षणाला मराठी शाळेच्या पुस्तकात सामान्य नाव मिळाले होते. आमच्या विद्यार्थ्यांना ते आजही परीक्षेपुरते पाठ असते.

पाश्चात्त्य अभ्यासकही याच खड्ड्यात पडले होते, हे पाहिले म्हणजे थोडे समाधान होते. कॉकेशस पर्वतातील भाषांमध्ये सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळी विभक्ती लागते हे लक्षात आल्यावर ह्यूगो शुखार्ट यांनी १८९५-९६ च्या सुमारास त्या भाषांतील सकर्मक क्रियापद मुळातच ‘पॅसिव्ह’ स्वभावाचे आहे, असे प्रतिपादन केले. १९१६ साली डच अभ्यासक युलेनबेक यांनी उत्तर अमेरिकेतील भाषांविषयी तेच म्हटले. पुढच्याच वर्षी एडवर्ड सपीर यांनी त्यांच्या निबंधाचे परीक्षण करून हा तर्क नाकारला. ज्या भाषेत कर्तरी रचनाच नाही तेथे पॅसिव्ह कशाच्या विरोधात म्हणावयाचे, हा आक्षेप आपण वर घेतला तोच आहे. या रचनेसाठी आज रूढ असलेली ‘अर्गेटिव्ह’ ही संज्ञा १९१२ च्या सुमारास आडोल्फ डिर यांच्या कॉकेशसच्या भाषांवरील लेखनातून प्रसृत झाली. तिला मराठीत प्रतिशब्द घडविण्याचे प्रयत्न मला फारसे यशस्वी वाटत नाहीत, म्हणून ती तशीच ठेवतो.

मराठीचा अर्गेटिव्ह किती खोल आहे? ऑस्ट्रेलियातील डिर्बल भाषेचे आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेले वर्णन येथे उपयोगी पडते. तिथे ‘आईने वडिलांना पाहिले आणि परतली/परतले’ अशा जोडवाक्यात दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता सांगितला नसेल, तर परतणारे वडील असतात, आई नव्हे. म्हणजे त्या भाषेत वाक्ये एकमेकांना कर्माच्या दोऱ्याने ओवली जातात. आता मराठी कथेतील अगदी साधी ओळ घ्या : ‘तो आला, दार उघडले आणि आत गेला.’ मधले क्रियापद दाराशी जुळते. पण आत दार जात नाही, तोच जातो. ‘घरी येऊन त्याने पत्र लिहिले’ यातील ‘येऊन’चा कर्ता ‘तो’च असतो. ‘त्याने आपल्या मुलीला बोलावले’ यातील ‘आपल्या’ त्याच्याकडेच वळते. प्रत्ययांच्या पातळीवर क्रियापद कर्माचे, वाक्यांच्या गुंफणीत मात्र सत्ता कर्त्याची. मराठीचा अर्गेटिव्ह कातडीचा आहे, हाडाचा नाही.

कर्त्याला ‘ने’ लागण्याच्या बाबतीतही असेच आहे. ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘तू आंबा खाल्लास’. प्रथम व द्वितीय पुरुषाला ‘ने’ लागत नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ च्या प्रसिद्ध लेखात असे दाखविले की जगातील अनेक भाषांत हीच सीमारेषा आढळते : बोलणारा व ऐकणारा हे क्रिया करणारे म्हणून इतके गृहीत असतात की त्यांना कर्तेपणाचे वेगळे चिन्ह लावण्याची गरज भासत नाही. मराठी या सिद्धांताचे उत्तम उदाहरण आहे. फक्त एक अडचण आहे, आणि ती इतिहासाची आहे. मराठीत हे चिन्ह पूर्वी होते. जुन्या वाङ्मयात ‘म्यां’ आणि ‘त्वां’, ‘तुवां’ ही तृतीयेची रूपे सर्रास सापडतात. ती नंतर गळाली. कोंकणीत ती आजही जिवंत आहेत : ‘हांव’ वेगळे आणि ‘हांवें आंबो खालो’ यातील ‘हांवें’ वेगळे. त्यातून आणखी गंमत अशी की, ‘हांव’ हे संस्कृत ‘अहम्’च्या वंशातले, तर आपले ‘मी’ आणि हिंदीचे ‘मैं’ ही ‘मया’च्या बाजूची. म्हणजे आज ज्याला आपण प्रथमा म्हणतो ती मुळात तृतीयेच्या घरातून आली! सिल्व्हरस्टीनची उतरंड वस्तुस्थितीचे वर्णन करते. ती वस्तुस्थिती कोणत्या क्रमाने आली हे सांगण्यास ‘म्यां’च हवा.

भगिनीभाषांकडे पाहिले तर हाच ठेवा प्रत्येकीने वेगळ्या रीतीने खर्च केलेला दिसतो. बंगालीने क्रियापद पूर्णपणे कर्त्याच्या स्वाधीन केले. नेपाळीने कर्त्याला ‘ले’ ठेवला, पण क्रियापद त्याच्याशीच जुळवून घेतले. गुजरातीत कर्माला ‘ने’ हा (आपल्या ‘ला’च्या अर्थाचा) प्रत्यय लागला तरी क्रियापद कर्माला सोडत नाही, ‘रामे सीताने जोई’. मराठीत मात्र ‘रामाने सीतेला पाहिले’ म्हणताच क्रियापद नपुंसकलिंगात जाते, आणि त्याला आपण ‘भावे प्रयोग’ म्हणतो. दक्खिनीने ‘ने’ला रजाच दिली. मराठीतही काही सकर्मक धातू या नियमात कधी पुरते शिरलेच नाहीत : ‘ती लुगडे नेसली’, ‘मी धडा शिकलो’, ‘तो माझे नाव विसरला’. आणि एक शिरतो आहे. ‘तो चहा प्याला’ असे आमच्या घरातील मागची पिढी म्हणत असे. ‘त्याने चहा प्यायला’ हे आता माझ्याही तोंडून जाते.

युरोपातील भाषा या कथेच्या बाहेर आहेत असे समजण्याचे कारण नाही. आपल्या ‘क्त’चा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये आहे, आणि तेथेही त्याने भूतकाळ बळकावला, फक्त ‘जवळ असणे’ या क्रियापदाच्या आधाराने : ‘माझ्याजवळ पत्रे लिहिलेली आहेत’ यातून ‘मी पत्रे लिहिली आहेत’. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले तर कृदन्त आजही कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी वा अनेकवचनी लिहावे लागते. क्लेमाँ मारो या कवीने १५३८ साली हा नियम शिष्यांना पद्यात समजावून सांगितला, आणि तेव्हापासून फ्रेंच शाळकरी मुले त्यावर गुण गमावीत आली आहेत. एमील बेनव्हनिस्त यांनी १९५२ च्या निबंधात बेहिस्तून येथील दारयवहूच्या लेखातील ‘मना कर्तम्’, म्हणजे अक्षरशः ‘मम कृतम्’, याचा अर्थ ‘माझ्याकडून केले गेले’ असा नसून ‘माझे केलेले आहे’, म्हणजेच ‘मी केले आहे’ असा लावला, आणि ही मुळात स्वामित्वाची रचना आहे असे मांडले. जॉर्ज कार्दोना यांनी १९७० मध्ये भारत-इराणी पुराव्याच्या आधारे या मताला विरोध केला. संस्कृतातील तृतीयेचे प्राबल्य पाहता मला कार्दोनांची बाजू अधिक सबळ वाटते. पण बेनव्हनिस्त यांनी एका गोष्टीची जाणीव कायमची करून दिली : कर्त्याची विभक्ती पाहून त्याच्या कर्तृत्वाचे माप घेता येत नाही.

ही जाणीव समीक्षेत अजून पुरेशी उतरलेली नाही. भाषेच्या व्याकरणावरून ती बोलणाऱ्यांचा स्वभाव काढण्याचा मोह समीक्षकांना अधूनमधून होतो. मराठी भूतकाळात कर्ता तृतीयेत जातो म्हणून मराठी माणूस घडून गेलेल्या गोष्टीची जबाबदारी घेत नाही, आपले कथात्म गद्य दैववादी होते, अशा आशयाची विधाने चर्चासत्रांतून मी स्वतः ऐकली आहेत. ती आकर्षक असतात. त्यांच्यावर विसंबले तर मात्र असे मानावे लागेल की हाच माणूस वर्तमानकाळात आणि भविष्यकाळात कर्तबगार होतो, ‘गेलो’ म्हणताना जबाबदार असतो आणि ‘केले’ म्हणताना नसतो, आणि त्याचा बंगाली समकालीन या विकारातून जन्मतः मुक्त आहे. जेथे भाषा निवड ठेवीत नाही, तेथे शैलीचा अर्थ शोधू नये. तो शोधावयाचा तर जेथे दोन वाटा फुटतात तेथे. ‘मी पेला फोडला’, ‘माझ्याकडून पेला फुटला’, ‘पेला फुटला’ : फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे, पाडणे-पडणे या जोड्यांत मराठी लेखकाला अपराधाची मात्रा चिमटीने मोजता येते.

दुसरी वाट कर्मणी आणि भावे यांच्या मधली. ‘त्याने मुलगी पाहिली’ आणि ‘त्याने मुलीला पाहिले’ यांतील फरक सांगण्यासाठी कोणत्याही मराठी वाचकाला व्याकरण शिकवावे लागत नाही. पहिल्यात पोहे आहेत, दोन्हीकडची वडील मंडळी आहेत. दुसऱ्यात रस्त्यावरून जाणारी एक विशिष्ट मुलगी आहे. ‘नोकर ठेवला’ आणि ‘नोकराला ठेवून घेतले’ यांतही तेच. सजीव व विशिष्ट कर्माला चिन्ह लावावयाचे आणि अविशिष्टाला मोकळे सोडावयाचे, ही पद्धत स्पॅनिशमध्ये आहे, फारसीतही तिचा एक प्रकार आहे. गेऑर्ग बॉसोंग यांनी १९८५ साली इराणी भाषांच्या संदर्भात तिचा सविस्तर विचार केला. पण मराठीत या चिन्हाबरोबर क्रियापदाचे लिंगही पुसले जाते. ‘ला’ लागताच मुलगी व्यक्ती म्हणून ठळक होते, आणि त्याच क्षणी क्रियापदातील तिचे स्त्रीलिंग नाहीसे होते. एखाद्या कादंबरीतील निवेदक नायिकेविषयी सलग ‘ला’ची वाक्ये वापरतो की अधूनमधून बिनप्रत्ययी, याची मोजणी कोणी करावी असे मला फार वाटते.

राहता राहिला तो ‘स’. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ यातला. तो आला कोठून? ‘तुवां’ गेल्यावर ‘तू’ राहिला, आणि ‘तू गेलास’, ‘तू बसलास’ या अकर्मक रूपांच्या वळणावर ‘तू लिहिलीस’ झाले. कर्माच्या हाती गेलेले क्रियापद कर्ता हळूहळू परत मिळवू लागल्याची ही खूण आहे. प्रथम पुरुषात प्रमाण मराठीने हे पाऊल टाकले नाही. बोलींनी टाकले. सोलापूर-लातूरच्या सरहद्दीच्या भागात, पूर्व विदर्भातही, ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ ही वाक्ये सहज ऐकू येतात. डेक्कन कॉलेजच्या अलीकडील बोली-सर्वेक्षणातही सकर्मक भूतकाळाच्या जुळणीतील ही विविधता नोंदविली गेली आहे. सीमाभागात हे कन्नड-तेलुगूचे सान्निध्य असे सांगितले जाते. त्या भाषांत क्रियापद सदैव कर्त्याचे असते, तेव्हा त्यात तथ्य असेल. पण बंगाली आणि नेपाळी यांनी हीच दिशा धरली, आणि पुण्यातील ‘लिहिलीस’नेही तीच धरली आहे.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याच्या निबंधात ‘सुट्टीत मी ग्रंथालयातील सर्व पुस्तके वाचलो’ असे वाक्य आले. मी ते तांबड्या शाईने खोडले, समासात ‘वाचली’ असे लिहिले आणि एक गुण कापला. पुस्तकांपासून हा वाचला तरी कसा, असा विनोदही शेजारच्या सहकाऱ्याला ऐकविला. त्याच उत्तरपत्रिकेत, पुढल्या पानावर, मित्राला उद्देशून लिहिलेल्या मजकुरात ‘तू ती कादंबरी वाचलीस का’ हे वाक्य होते. त्याच्याखाली मी काहीच खूण केली नव्हती.